तांत्रिक अडचण

‘तांत्रिक अडचणीमुळे लिफ्ट बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. कधी लिफ्टवर, कधी पाण्याच्या कूलरवर, कधी झेरॉक्सच्या मशीनवर. लेडीज हॉस्टेलमध्ये मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो इथे जाहीर केल्याबद्दल मैत्रिणी माझ्यावर रागावणार हे मी धरून चालले आहे. महिन्याचे ते चार दिवस आले की आम्ही एकमेकींना सांगतो, ‘आज तांत्रिक अडचण आहे.’ घरी आई-आजी नुसतंच ‘अडचण’ म्हणायच्या. आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून अलीकडे ‘तांत्रिक’ लावलं. मुलांना कळत नाही, सरांना कळत नाही, काम होऊन जातं.

हा लेख त्या अडचणीबद्दल आहे. पण सुरुवात एका देवळापासून करते.

माझ्या रूममेटचा एम-थ्री दोनदा राहिला होता. तिसऱ्यांदा पेपरला जाताना तिने वज्रेश्वरीला नवस बोलला, सुटला तर ओटी भरीन. आणि सुटला की! निकाल लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी आम्ही पाच जणी निघालो. चिंचोटी नाक्यावरून गाडी ठरवली. हायवेने उत्तरेकडे जात वसई फाटा, विरार फाटा मागे टाकले, शिरसाड फाट्याला उजवीकडे वळलो. पुढे पारोळ, उसगाव. आपल्याला रोज एका बाजूने दिसणारा तुंगारेश्वरचा डोंगर आता मागच्या बाजूने दिसायला लागला. वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. २०१४ साली पालघर वेगळा झाला तेव्हापासून आपल्यात आणि देवीत जिल्ह्याची हद्द आहे.

गाडीत आमच्या अकोलेकरणीने हळूच बॉम्ब टाकला. “अगं, ती तांत्रिक देवी आहे म्हणे!” झालं, सगळ्या गप्प. माझं तर विचारूच नका. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मोरल सायन्सच्या पुस्तकात तंत्र-मंत्र नव्हतं. तांत्रिक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक, हिंदी पिक्चरमधला लाल डोळ्यांचा, कवटी घेतलेला माणूस. दोन, लोकलच्या डब्यातली चिकटवलेली जाहिरात, वशीकरण, एका दिवसात गॅरंटी.

उसगाव गेलं असेल-नसेल, माझ्या पोटात ओळखीची कळ आली. मी रूममेटच्या कानात सांगितलं. दोन मिनिटांत ते गाडीभर झालं आणि निर्णयही झाला. “तू खाली बस हं. आम्ही पटकन जाऊन येतो.” कुणी वाईट वागलं नाही. उलट मला पाण्याची बाटली दिली, चिप्स दिले, सगळ्यांच्या चपला सांभाळायला दिल्या. आणि खरं सांगू? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. देवळात कुणी मला विचारलंही नसतं. विचारणार तरी कसं? बंदी कुठल्या पाटीवर लिहिलेली नव्हती. ती आम्ही आमच्याच पर्समधून घेऊन गेलो होतो.

तर मी पायऱ्यांपाशी बसले. बावन्न पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलंय. वर दगडी तट आणि नगारखाना, देऊळ कमी आणि किल्ला जास्त वाटावा असं. वाटणारच, कारण या देवळाचा जन्मच एका किल्ल्याच्या नवसातून झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसईच्या किल्ल्यावर चालून गेले. पोर्तुगीज काही हटेनात. तेव्हा त्यांनी या देवीला नवस केला, किल्ला मिळाला तर देऊळ बांधीन. त्या मे महिन्यात वसई पडली आणि सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून देऊळ बांधून घेतलं, अशी हकिगत सांगतात. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. चिमाजी अप्पांचा वसईसाठी, आमच्या रूममेटचा एम-थ्रीसाठी. दोन्ही किल्ले तसे अवघडच!

आतलं सगळं मला मैत्रिणींनी सांगितलं, त्यामुळे ते ऐकीव समजा. मध्ये शेंदरी वज्रेश्वरी, हातात खड्ग आणि गदा. बाजूला रेणुका, सप्तशृंगी, कालिका, परशुराम. वज्रेश्वरी नाव का? वसिष्ठांच्या यज्ञात इंद्राला आहुती मिळाली नाही, त्याने रागावून वज्र फेकलं, आणि देवीने ते वज्र गिळून टाकलं. इंद्राचं हत्यार पचवणारी बाई! आणि आम्हाला भीती की माझ्या चार दिवसांनी ती बाटेल.

हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी चिप्स खात बसले होते. शेजारी एक मावशी ओटीचं सामान आणि हार विकत होत्या. त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं आणि विचारलं,

“का गो पोरी, वर नाय गेलीस?”

“अडचण आहे, मावशी.”

“मंग हितं सावलीत बस.”

बसले. हार ओवता ओवता त्या बोलत होत्या. घर, मुलगा, फुलांचे भाव. मला राहवलं नाही. विचारलं, “मावशी, तुम्ही त्या दिवसांत काय करता? दुकान बंद ठेवता?”

त्या हसल्या. “बंद ठेवून खाऊ काय? हार हितून वर जातात. चालतात का नाय ते ती बघंल.”

एवढंच. त्या पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळल्या. पण माझं चिप्स खाणं थांबलं. आमच्या रूममेटने वर नेलेला हार याच मावशींकडून घेतलेला. म्हणजे वर्षाचे बारा महिने, महिन्याचे तीसही दिवस ज्या हातांनी हार ओवले जातात, ते हार देवीच्या गळ्यात जातात. हार चालतो. ओवणारी मात्र, आमच्या हिशेबाने, चालायची नाही. इनपुट अशुद्ध आणि आउटपुट शुद्ध? मध्ये कुठला फिल्टर बसवलाय?

मैत्रिणी खाली आल्या, मला प्रसाद दिला. तोही लांबून, तळहातावर टाकून. मग आम्ही अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे गेलो. तानसेच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या पट्ट्यात अशी बरीच कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. हे समजावून सांगताना सगळ्या जणी इंजिनिअर झाल्या होत्या, मीसुद्धा. अर्ध्या तासापूर्वी त्याच पाच जणींपैकी एकीलाही ‘का?’ असा प्रश्न पडला नव्हता.

तो मग मी सुट्टीत पाडून घेतला. जे वाचलं ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट शब्दाची. ‘तंत्र’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे यावरून आलाय. तंत्र म्हणजे माग, मागावर ताणलेले धागे. भिवंडी आपल्या शेजारी आहे, तेव्हा माग म्हणजे काय ते सांगायला नको. त्यावरून पुढे अर्थ झाला नीट बांधलेली पद्धत, रीत, ती सांगणारा ग्रंथ. पंचतंत्रातलं तंत्र तेच, तंत्रनिकेतनातलं तंत्र तेच आणि तांत्रिक देवीचंही तंत्र तेच. आपण सगळे तंत्रशिक्षण घेणारे, म्हणजे शब्दाच्या हिशेबाने हॉस्टेलमधला प्रत्येक जण तांत्रिकच आहे. फक्त लाल डोळे सबमिशनच्या आठवड्यात होतात.

दुसरी गोष्ट वज्रेश्वरीची. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ या गरम कुंडांपाशी येऊन राहिले अशी गोष्ट आहे. हे मच्छिंद्रनाथ म्हणजे नुसते चमत्काराच्या गोष्टीतले बाबा नव्हेत. तंत्रातला कौल नावाचा जो मार्ग आहे, त्याचे ते आद्य गुरू मानले जातात. कुठे कोकण आणि कुठे काश्मीर! पण साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त नावाच्या पंडिताने ‘तंत्रालोक’ हा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा सुरुवातीलाच ‘मच्छंद’ म्हणून यांना वंदन केलं. आणि आपल्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी स्वतःची गुरुपरंपरा सांगितली, तीही आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशीच. म्हणजे ज्या माणसाच्या मार्गाचं नाव ऐकून आम्ही गाडीत गप्प झालो, तो ज्ञानोबांच्या गुरूंच्या गुरूंच्या गुरूंचा गुरू निघाला. वज्रेश्वरीच्या शेजारच्या गणेशपुरीत नित्यानंद बाबांचे शिष्य मुक्तानंद यांनीही याच काश्मिरी शैव ग्रंथांची शिकवण दिली आणि १९७० च्या दशकात ती अमेरिकेपर्यंत नेली.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची. शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न अभिनवगुप्ताने थेट घेतलाय. त्याचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर, शुद्धी किंवा अशुद्धी हा वस्तूचा गुणधर्म नाही. घनता हा गुणधर्म आहे, मोजता येतो. अशुद्धी वस्तूत नसते, ती आपण वस्तूवर लावतो. हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य मटेरियल सायन्सच्या तासाला सहज खपेल.

आणि कौल मार्गात तर ज्याला बाहेरचे लोक विटाळ म्हणतात त्या रक्तालाच शक्ती मानलंय. गुवाहाटीजवळ नीलाचल टेकडीवर कामाख्येचं देऊळ आहे. तिथे मूर्ती नाही. झऱ्याने ओली राहणारी, योनीच्या आकाराची शिळा आहे, तिचीच पूजा होते. दर जूनमध्ये अंबुबाचीच्या दिवसांत देवी रजस्वला होते असं मानतात, तीन दिवस देऊळ बंद असतं, आणि उघडल्यावर लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून घ्यायला देशभरातून लोक येतात. केरळात चेंगन्नूरच्या देवीचीही पाळी मानतात आणि त्यानंतर तिला उत्सवाने स्नान घालतात. ओडिशात जूनच्या मध्यात ‘रज’ सण असतो. धरणीमातेला पाळी आली म्हणून नांगर थांबवतात आणि पोरी नवे कपडे घालून झोके घेतात.

हे सगळं लांबचं झालं असं वाटत असेल तर आपल्याकडे या. रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ वाचा. रेणुका, यल्लमा, गोव्याची सांतेरी या देवी मुळात भूमीच्या सृजनशक्तीची रूपं आहेत आणि वारूळ हे भूमीच्या गर्भाचं प्रतीक आहे, असं ते दाखवतात. लज्जागौरीच्या जुन्या मूर्ती मराठवाड्यात तेरला सापडल्या, बदामीलाही सापडल्या. डोक्याच्या जागी कमळ आणि बाळंत होणाऱ्या बाईसारखी बसलेली देवी. हीच रेणुका वज्रेश्वरीच्या गाभाऱ्यात शेजारी उभी आहे, आणि मी खाली चपला सांभाळत होते.

आता कुणी म्हणेल, बघा, आपले पूर्वज किती पुढारलेले होते! मला तसंही म्हणायचं नाही. तंत्राचे ग्रंथ बहुतेक पुरुषांनी लिहिले, पुरुषांसाठी लिहिले. त्यात पुष्कळ ठिकाणी बाई ही साधनेचं साधन आहे, साधक नाही. पुढे त्याच नावावर लोकांना घाबरवणारे, लुटणारे, त्याहून भयंकर काही करणारे निघाले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही. त्याच्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. तेव्हा लोकलमधल्या वशीकरणवाल्याला माझ्या लेखाचा आधार मिळू नये. माझं म्हणणं एवढंच, की परंपरा म्हणून आम्ही जी गोष्ट डोळे मिटून पाळतो, तिच्या बरोबर उलट सांगणारी गोष्टही परंपराच आहे, आणि तीही त्याच देवळाशी बांधलेली. मग आम्ही नेमकी घाबरवणारी तेवढीच का उचलली?

हे सगळं मी घरी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, त्या निमित्ताने बायकांना चार दिवस विसावा मिळायचा.” मला पटलं. पूर्वी विहिरीचं पाणी, जातं, चूल, कुणीच सुट्टी देत नव्हतं, तेव्हा ही एक सुट्टी होती. पण मग आपल्या हॉस्टेलमध्ये काय होतं ते बघू. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये उभं राहून तीन-तीन तास लोखंड घासलं, तेव्हा कुणी म्हणालं नाही, ‘आज तुझी अडचण ना, बाजूला बस.’ रात्रभर शीट काढल्या, तेव्हाही नाही. फक्त गणपतीच्या आरतीला मागे राहायचं. आणि कोण मागे राहिली हे सगळ्या मजल्याला कळतं. म्हणजे कामाला सूट नाही, देवाला मात्र मनाई. याला विसावा कसं म्हणायचं?

विसावाच द्यायचा असेल तर सोपं आहे. लेडीज रूममध्ये एक पलंग, एक गरम पाण्याची पिशवी, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ‘मॅडम, आज बसून करते’ असं न लाजता सांगता येईल एवढी मोकळीक. ही विनंती स्टाफमधल्या वाचकांना. यासाठी कुठलंही संशोधन लागत नाही.

माझ्या रूममेटचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही इथे दिलं पाहिजे. ती म्हणते, “मला त्या दिवशी देवळात जावंसंच वाटत नाही. माझी श्रद्धा आहे. तू मला व्हायवा का घेतेस?” बरोबर आहे तिचं. नाही जायचं तर नको जाऊस, तो तिचा प्रश्न. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली कोर्टाच्या निकालानंतर बायकांसाठी उघडला, म्हणून प्रत्येकीने तिथे गेलंच पाहिजे असं थोडंच आहे? पण त्या दिवशी गाडीत मला कुणी विचारलं नाही, ‘तुला यायचंय का?’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी स्वतःलाही विचारलं नाही. शाळेत असताना चॅपलमध्ये मी असल्या दिवशीही बसायचे, तिथे कुणाला कळायचंही नाही. घरी आल्यावर देवघराला हात लावायचा नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर दोन वेगळे नियम, आणि मला कधी प्रश्न पडला नाही. दोन्हीकडे मी शहाण्या मुलीसारखी वागले.

आपल्याकडे व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, “हा व्हॉल्व्ह इथे का बसवलाय?” तेव्हा “सर, पहिल्यापासून असाच आहे” असं उत्तर देऊन बघा. किती मार्क मिळतात ते मला सांगा. तंत्र शिकणाऱ्याला ‘का’ विचारावं लागतं, मग ते मशीनचं तंत्र असो की देवीचं. विचारून, समजून घेऊन जिला पाळायचंय तिने खुशाल पाळावं. न विचारता पाळणं हीच खरी तांत्रिक अडचण.

रूममेटचा एम-फोर अजून बाकी आहे, म्हणजे वज्रेश्वरीची आणखी एक फेरी नक्की. या वेळी मी कॅलेंडर बघून जाणार नाही. बावन्न पायऱ्या चढेन, तो दिवस कुठलाही असो. जाताना हार त्याच मावशींकडून घेईन.

चपला सांभाळायला कुणी दुसरी असेल तर नाव नोंदवा. तोपर्यंत आमच्या मजल्यावर ही पाटी लावायला हरकत नाही:

‘तांत्रिक अडचण दूर करण्याचे काम चालू आहे. सेवा लवकरच सुरू होईल.’